मशीन बंद पडलं की फिटरला हाक? ‘टीपीएम’ नेमकं काय सांगतं

वडोदरा : इथल्या मकरपुरा जीआयडीसीत इंजिनिअरिंगचे छोटे-मोठे कारखाने दाटीवाटीने आहेत. नंदुरबार, धुळे, जळगावकडची बरीच मुलं गुजरातेत अशाच कारखान्यांत ऑपरेटर, फिटर म्हणून कामाला आहेत. त्यांच्या कानावर ‘टीपीएम’ हा शब्द कधी ना कधी पडतोच. टीपीएम म्हणजे टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स. सोप्या भाषेत, मशीनची काळजी एकट्या मेंटेनन्स खात्याने नाही, तर मालकापासून हेल्परपर्यंत सगळ्यांनी घ्यायची.

ही पद्धत जपानची. टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या निप्पॉनडेन्सो कंपनीने ती राबवली आणि १९७१ मध्ये त्याबद्दल पुरस्कार मिळवला. सेईची नाकाजिमा यांनी ती जगभर पोहोचवली.

आता हिशेब बघू. समजा, मिनिटाला एक नग काढणारं मशीन आहे. आठ तासांच्या पाळीत ४८० नग निघायला हवेत. ब्रेकडाऊन आणि सेटिंगमध्ये ६० मिनिटं गेली, उरली ४२०. मशीन हळू चाललं म्हणून नग निघाले ३३६. त्यातले १६ रिजेक्ट. हाती आले ३२०, म्हणजे क्षमतेच्या फक्त दोन तृतीयांश! ग्रीस-बेअरिंगचा खर्च वहीत लगेच दिसतो. हे हुकलेले १६० नग मात्र कुठल्याच खात्यावर पडत नाहीत.

टीपीएममध्ये रोजची साफसफाई, ऑइलिंग, नट-बोल्ट आवळणं ऑपरेटर करतो. पुसता पुसताच गळकं ऑइल, सैल बोल्ट, बारीक तडा नजरेला पडतो. मशीनचा आवाज बदलला, हे त्याच्याइतकं लवकर कोणाला कळणार? फिटरची धावपळ कमी होते आणि ठरलेल्या तारखेची मोठी देखभाल त्याला वेळेवर करता येते.

पण एक गोष्ट मालकांनी लक्षात घ्यावी. यासाठी पाळीतलीच वेळ आणि नीट ट्रेनिंग द्यावं लागतं. नाहीतर कामगाराला ते फुकटचं जादा काम वाटतं, आणि त्यात त्याचं चूक नाही. शिवाय मेन स्विच बंद केल्याशिवाय मशीनला फडका लावायचा नाही. दोन मिनिटं वाचवण्याच्या नादात बोटं जातात.

सुरुवातीला मोठा खर्च लागत नाही. एक मशीन निवडा, शेजारी वही ठेवा. कधी थांबलं, किती मिनिटं, कशामुळे, एवढंच महिनाभर लिहा. तोटा कुठे होतोय, ते वहीच सांगेल.