नव्वद अंशांचा हिशेब

इलेक्ट्रिशियन वापरतात त्या कंडुइट बेंडरच्या कमानीवर १०, २२.५, ३०, ४५, ६० असे अंश कोरलेले असतात. खूण जुळली की कोन झाला, अशी त्यावरून सहज समजूत होते. ती अर्धीच खरी आहे. खुणेशी जुळतो तो पाइप पकडीत असतानाचा कोन. दांडा सोडला की पाइप थोडा उलगडतो. कारखान्यांत याला सरसकट ‘स्प्रिंगबॅक’ म्हणतात. खुणा कोरताना उत्पादकाने त्याची सूट धरली असली, तरी ती ठरावीक पाइपापुरतीच. तरीही कोन चुकला की आपण आधी अवजाराला बोल लावतो आणि जास्त बारीक खुणांचे, जास्त महागडे अवजार शोधू लागतो. चुकीचा मोठा वाटा मात्र धातूचा असतो, आणि हातात असलेला धातू तपासल्याशिवाय तो कळत नाही.

पत्रा वाकतो तेव्हा बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मधे कुठेतरी एक थर ना ताणलेला, ना दाबलेला राहतो. या मधल्या थराच्या आसपासचा धातू इतका कमी ताणलेला असतो की भार जाताच तो मूळ लांबीवर यायला बघतो. कडेच्या थरांना कायमचा आकार आलेला असला, तरी त्यांच्यातही थोडा लवचीक ताण साठलेला असतोच. दोन्ही मिळून कोन उघडतो. किती उघडेल ते दोन गुणोत्तरांवर ठरते. एक, धातू ज्या ताणाला कायमचा वाकू लागतो तो ताण, म्हणजे यील्ड, आणि त्याचा ताठरपणा यांचे. दुसरे, वळणाची त्रिज्या आणि जाडी यांचे. पाठ्यपुस्तकातले सोपे सूत्र लावून पाहा. २ मिलिमीटर जाडीचा साधा पोलादी पत्रा, यील्ड २५० मेगापास्कल, ताठरपणा २०० गिगापास्कल. आतली त्रिज्या अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ९० अंशांतून अर्धा अंशही परत जात नाही. तोच पत्रा १०० मिलिमीटर त्रिज्येच्या साच्यावर वाकवला तर सुमारे १७ अंश परत जातात. ॲल्युमिनियमचा ताठरपणा पोलादाच्या जेमतेम एकतृतीयांश; त्यामुळे तितक्याच यील्डच्या मिश्रधातूत हा आकडा ४५ अंशांच्याही पुढे जातो.

इथवरचे गणित एकदा मांडून तक्ता भिंतीला लावता आला असता. अडचण पुढे आहे. बांधकामाच्या पोलादासाठीचे आयएस २०६२ हे भारतीय मानक ई२५० प्रतीच्या पातळ मालाला किमान २५० मेगापास्कल यील्ड मागते. कमाल मर्यादा घालत नाही. म्हणजे ३५० मेगापास्कलचा मालही त्याच प्रतीचा म्हणून, बिनदोष, दुकानात येतो. वरच्याच १०० मिलिमीटर त्रिज्येला हा माल १७ ऐवजी सुमारे २३ अंश उघडतो. प्रत तीच, जाडी तीच, अवजार तेच, आणि कोनात सहा अंशांची तफावत. बेंडरवर अर्ध्या अंशाच्या खुणा कोरून ती भरून निघणार नाही. एखाददुसऱ्या अंशाने काय बिघडते, असे वाटत असेल तर ३ मीटर लांबीच्या पाइपाचे दुसरे टोक पाहावे: एका अंशाला ते ५२ मिलिमीटर सरकते. क्लॅम्पचे भोक तिथे कधीच सापडत नाही.

यावर कारखानदाराचे पहिले उत्तर असते ते जोर वाढवण्याचे. पंच डायच्या तळापर्यंत दाबून वळणाचा धातू चेपला तर स्प्रिंगबॅक जवळजवळ संपतो, हे खरेच. पण त्याला कित्येक पट टनेज लागते, डाय झिजते आणि प्रत्येक कोनाला वेगळी डाय ठेवावी लागते. पाइपाला तर हा उपाय लागूच पडत नाही. आतून पोकळ असल्याने तो चपटा होतो. म्हणून पाइपात मँड्रेल घालतात, किंवा कोरडी वाळू ठासून भरतात. वाळूने गोलाई टिकते, कोन टिकत नाही. तापवून वाकवल्यास यील्ड उतरते आणि स्प्रिंगबॅकही कमी होतो. मात्र जीआय पाइपाचा जस्ताचा थर जळतो आणि त्याचा धूर कामगाराच्या छातीत जातो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सीएनसी प्रेस ब्रेकने हा प्रश्न सोडवला नाही का? त्याचे उत्तर यंत्राच्या रचनेतच मिळते. पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवताना कोन पंचाच्या खोलीवर ठरतो. १६ मिलिमीटर तोंडाच्या डायमध्ये ९० अंशांच्या आसपास एक अंश म्हणजे जेमतेम ०.१४ मिलिमीटर खोली. पंच त्याहून कितीतरी बारीक टप्प्यांत थांबवता येतो, तरीही पत्र्याच्या जाडीत आणि यील्डमध्ये पडणारा फरक त्याला आपोआप कळत नाही. म्हणूनच महागड्या यंत्रांवर लेझरने किंवा स्पर्शकाने कोन मोजण्याची सोय असते. यंत्र पत्रा वाकवते, दाब सैल करते, कोन किती उघडला ते पाहते आणि तेवढे पुन्हा दाबते. जुना फॅब्रिकेटर तुकडा वाकवून, पकडीतून काढून, त्याला गुण्या लावून हेच करतो. त्याला फक्त वेळ जास्त लागतो, आणि शेकडो नगांच्या कामात तो वेळ परवडत नाही, एवढे यंत्राच्या बाजूने मान्य करायला हवे.

छोट्या शेडमध्ये मात्र तो परवडतो. चाचणीचा तुकडा त्याच बंडलातला हवा, आणि पत्रा असेल तर रोलिंगच्या त्याच दिशेने कापलेला, कारण आडव्या आणि उभ्या दिशेला पत्रा सारखा वागत नाही. गुण्या लावायचा तो पकड सोडल्यावर. आलेली सूट खडूने त्या तुकड्यावरच लिहून ठेवावी आणि नवे बंडल फोडले की तो तुकडा भंगारात टाकावा.