तसबिरीखालचं नाव

शहापूरच्या डोक्यावर माहुली उभा आहे. निजामशाही वाचवण्याची शहाजीराजांची धडपड १६३६ मध्ये याच गडावर थांबली. मुरबाडच्या बाजूला नाणेघाट, सिद्धगड. एवढा इतिहास उशाशी असूनही शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांतल्या घरांत शिवाजी महाराजांचा दरबार पोचला तो छापील चित्रांतून. जत्रेत घेतलेली देवाची तसबीर, तिच्या शेजारी महाराज, खाली उदबत्तीचा काळा डाग, अशी ओटीवरची भिंत इथल्या जुन्या माणसांना सांगावी लागत नाही. तो दरबार ज्यांनी रंगवला, त्यांत रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर हे नाव फार वरचं.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ चा, कोल्हापूरचा. १८९० मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. जॉन ग्रिफिथ्स यांच्या नजरेखाली हात तयार झाला. १८९५ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. पुढे त्याच शाळेत ते शिक्षक झाले आणि १९३० मध्ये संचालकपदाची सूत्रं सांभाळणारे पहिले भारतीय ठरले. या साऱ्या प्रवासाची हकिकत त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवली आहे.

त्यांचं खरं भांडवल होतं माणसं पाहण्याचं. मुंबईच्या रस्त्यावरचे फेरीवाले, नाना जातींच्या पगड्या, लुगड्यांचे काठ, डोईवरचं ओझं सावरणारी मान, सगळं त्यांच्या रेखाटनांत आलं. ऑटो रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया'साठी (१९२०) त्यांनी देशभरच्या स्त्रिया रंगवल्या. आपल्या श्रावणातल्या कहाण्या किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने इंग्रजीत सांगितल्या, तेव्हा त्या पुस्तकाची चित्रंही धुरंधरांचीच होती. म्हणूनच त्यांची लक्ष्मी नुसती कमळावर बसवलेली बाहुली वाटत नाही. तिला पदर सावरता येतो. रवि वर्मा छापखान्यासाठीही त्यांनी चित्रं केली आणि शिळाछापातून ती अशा घरांत शिरली, जिथल्या कुणी चित्रप्रदर्शनाची पायरी कधी चढली नव्हती.

देशभक्तीचं त्यांचं चित्र म्हणजे राज्याभिषेक. १६७४ चा रायगड. दरबार माणसांनी भरलेला, पण गर्दी म्हणून कुणी उरकलेलं नाही. नजर सिंहासनावरून खाली येते आणि पुढ्यात वाकलेल्या हेन्री ऑक्झिंडेनवर थबकते. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील मराठी राजापुढे झुकला आहे! हे रंगवणारा माणूस इंग्रज सरकारचा नोकर. रावबहादुरकी सरकारनेच दिलेली. नव्या दिल्लीच्या सचिवालयात भित्तिचित्रंही त्याने केलेली. त्याला सरकारधार्जिणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण जी गोष्ट सभेत बोलली असती तर पोलीस आले असते, ती त्याने इतिहासाचा हवाला देऊन भिंतीवर टांगली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींसारखा, स्वतः कुंचला धरणारा संस्थानिक अशा शिवचित्रांचा आश्रयदाता होता, हेही लक्षात घ्यायला हवं.

२ जानेवारी १९४३ ला मुरबाडच्या सिद्धगडावर स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. पुढच्याच वर्षी, १ जून १९४४ ला धुरंधर गेले. तसबिरींच्या रांगेत आता हुतात्म्यांचे फोटोही आले, आणि देवादिकांचं राज्य चित्रकार मुळगावकरांच्या गुळगुळीत कॅलेंडरांकडे गेलं.

धुरंधरांची मांडणी मात्र हटली नाही. शिवजयंतीचा फ्लेक्स असो की शाळेच्या भिंतीवरचा देखावा, सिंहासन, छत्र आणि वाकलेला इंग्रज बहुधा त्यांच्याच चित्रावरून उतरतो. फ्लेक्सवर शुभेच्छुकांची नावं दोन रांगांत मावतात, चित्रकाराचं एक मावत नाही. निदान शाळांनी तरी चित्राखाली 'म. वि. धुरंधर' एवढं लिहायला हरकत नाही. दरबार कसा दिसतो हे ज्याने शिकवलं, त्याची ओळख मुलांना चित्राबरोबरच व्हावी.