टाकी फुल ते टाकी फुल

पंपावर नळी टाकीत असते, मीटरवरचे आकडे पळत असतात आणि अचानक ‘खट्’ आवाज येऊन पेट्रोल थांबतं. गाडीचं खरं ॲव्हरेज काढायला हा आवाजच कामी येतो.

नळीच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून हवा आत ओढली जाते. टाकी भरत आली की पेट्रोल भोकापर्यंत चढतं आणि हवेची वाट बंद होते. स्ट्रॉचं टोक बोटानं दाबून ओढलं की गाल आत जातात, तसाच ताण नळीत तयार होतो आणि खटका पडतो. म्हणून टाकी दर वेळी जवळपास एकाच पातळीला भरते.

आता ट्रिप मीटर शून्य करायचा आणि गाडी नेहमीसारखी चालवायची. पुन्हा भरताना, शक्यतो त्याच पंपावर, पहिल्या खटक्यालाच थांबायचं. समजा, ४०८ किलोमीटर झाले आणि २४ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १७. जेवढं जळलं तेवढंच परत भरलं, एवढा साधा हिशेब! ‘राउंड फिगर करू का?’ याला मात्र ठाम नकार द्यावा. वरून अर्धा लिटर गेलं, तरी १७ चे साडेसोळाच्या आसपास दिसतात.

माहितीपत्रकातला आकडा बहुधा याहून मोठा असतो. ती चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर होते. चाकं फिरतात, गाडी जागेवरच. तिथे कात्रजचा चढ नसतो, संध्याकाळची कोंडीही नसते.

एकाच टाकीवर विसंबू नये. तीन-चार वेळचे किलोमीटर आणि लिटर वेगवेगळे बेरजेला घेऊन मग भागावेत.