वेदीजवळची मुलं

वसईतल्या मराठी मिस्सेत, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत, पांढरा झगा घातलेली मुलं फादरांच्या हातावर पाणी घालतात, मेणबत्त्या धरतात. १९९४ मध्ये व्हॅटिकनने बिशपांना मोकळीक दिली आणि मुलींनाही वेदीसेवेची वाट खुली झाली. हे फार चांगलं झालं.

सराव रिकाम्या चर्चमध्येच व्हावा. धूपदानाची साखळी एका हाताने वर, दुसऱ्याने झाकणाजवळ धरायची, निखारा सांडता कामा नये. घंटा कधी वाजवायची हे नुसतं पाठ करून जमत नाही. फादरांच्या हातांवर नजर लागते. भाकर उंचावली की घंटा वाजलीच पाहिजे.

चुकलेल्या मुलाला सगळ्यांदेखत रागावलं, की तो पुढच्या रविवारी यायला कचरतो. मोठ्या मुलाच्या जोडीला दिलं, तर धीर येतो. पालकांनी एवढंच करावं : सकाळच्या मिस्सेला त्याला वेळेवर पोहोचवावं.