फ्लॉवरच्या लोणच्याला लिंबू का लागतं?

डिसेंबर लागला की मंडईत फ्लॉवरचे गड्डे, लाल गाजरं आणि मटाराच्या शेंगांचे ढीग लागतात. त्यांच्याच कडेला एखादी बाई ओली हळद, आंबेहळद आणि कोवळं आलं घेऊन बसलेली असते. हे सगळं एकाच पिशवीतून घरी आलं की समजावं, आज भाज्यांचं लोणचं होणार. कैरीच्या लोणच्याचा असतो तसा याचा गाजावाजा नसतो. थोडंसं घालायचं, आठ-पंधरा दिवसांत संपवायचं आणि भाज्या स्वस्त आहेत तोवर पुन्हा घालायचं, अशी याची रीत आहे. आमच्या आईकडे कैरीच्या लोणच्याला मोठी चिनी मातीची बरणी होती, भाज्यांच्या लोणच्याला मात्र छोटा सट.

आता ही रीत बदलते आहे. आजीच्या हातचं लोणचं वर्षभर पुरावं, लेकीला पुण्याहून बंगळुरूला किंवा न्यू जर्सीला नेता यावं, म्हणून काचेच्या हवाबंद बाटल्या घरात आल्या. भरलेल्या बाटल्या पाण्यात उकळून झाकण घट्ट बसवायची अमेरिकी घरांतली पद्धतही आपल्याकडची हौशी मंडळी करून बघू लागली आहेत. ही हौस मला मनापासून आवडते. पण भाज्यांचं लोणचं आणि कैरीचं लोणचं यांच्यात एक मूलभूत फरक आहे. तो लक्षात न घेता बाटली बंद केली, तर गाठ जिवाशी आहे.

हा फरक आंबटपणाचा. कैरी स्वतःचं आम्ल स्वतःच घेऊन येते. आम्लता मोजायच्या पीएच मापनपट्टीवर ७ म्हणजे शुद्ध पाणी. त्याच्या खाली जावं तसा आंबटपणा वाढतो आणि दर अंकाला तो दहापट होतो. कच्च्या कैरीचा पीएच ३ च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा २ ते २.६. गाजर आणि मटार मात्र ६ च्या आगेमागे, फ्लॉवरही साडेपाच-सहाच्या घरात. म्हणजे कैरीच्या मानाने गाजरातलं आम्ल साधारण हजार पटींनी सौम्य. आपल्या जिभेला हे कळतं, म्हणूनच भाज्यांच्या लोणच्यात आपण लिंबू पिळतो. पण ते लिंबू फक्त चवीपुरतं असतं, आणि लोणचं टिकतं ते वर तरंगणाऱ्या तेलामुळे, असा समज घरोघरी आहे. खरं तर टिकवण्याचं मुख्य काम लिंबूच करत असतं.

तेलाचं काम वेगळं आहे. बुरशीला जगायला हवा लागते. लोणच्याच्या वर बोटभर तेल असलं की खालच्या फोडींना हवा मिळत नाही आणि बुरशी धरत नाही. म्हणून फोडी खारात बुडलेल्या हव्यात, चमचा कोरडा हवा आणि बरणीला दादरा बांधलेला हवा, हे जुन्या बायकांचे नियम अगदी बरोबर आहेत. पण तेल जंतू मारत नाही. उलट, एक जंतू असा आहे की त्याला हवा सोसतच नाही. तेलाखालची किंवा हवाबंद बाटलीतली जागा त्याला हवी तशीच असते.

त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधल्या एलझेल या गावी अंत्ययात्रेत वाद्यं वाजवायला आलेल्या मंडळींनी मिठात खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. थोड्याच काळात त्यांना एकाच्या जागी दोन दिसू लागलं, घास गिळता येईना, बोलता येईना, आणि तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने त्या मांसातून आणि मृताच्या शरीरातून हा जंतू वेगळा काढला. तो मातीत राहतो. साहजिकच जमिनीत वाढणारं गाजर, आलं, हळद आणि लसूण यांच्यावर त्याचे बीजाणू असू शकतात. नुसत्या बीजाणूंनी मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. पण हवा नाही, आंबटपणा नाही, मीठ बेताचं आणि ऊब पुरेशी, अशी जागा मिळाली की ते रुजतात आणि त्यांची वाढ होताना जे विष तयार होतं, त्याचा अत्यल्प अंशही स्नायू लुळे पाडतो. अन्नाचा वास-रंग बदलेलच असं नाही. म्हणून ‘वास घेऊन बघितला, चांगलं आहे’ ही खात्री इथे कामाची नाही.

बाटली पाण्यात उकळल्याने हे बीजाणू मरत नाहीत. १०० अंश सेल्सियसला ते तासन् तास तग धरतात. त्यांना संपवायला सुमारे १२१ अंश लागतात आणि ते दाबाखालच्या वाफेतच मिळतात. कारखान्यात डबाबंद मटार तयार होतो तो असाच. हवाबंद अन्नाचा जनक मानला जाणारा फ्रेंच हलवाई निकोला आपेर याने बुचं मारलेल्या बाटल्या उकळून अन्न टिकवण्याची रीत १८१० साली पुस्तकात छापली आणि फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. ती रीत का चालते, हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं. जंतूंमुळे अन्न नासतं हे लुई पाश्चर यांनी दाखवलं ते त्यानंतर अर्ध्या शतकाने.

मग अमेरिकेतल्या घरांत काकडीचं लोणचं नुसत्या उकळत्या पाण्यात बाटलीबंद कसं करतात? तिथे राखण व्हिनेगर करतं. पीएच ४.६ किंवा त्याखाली असला तर बोट्युलिनमचे बीजाणू रुजत नाहीत. हा आकडा जगभरच्या अन्नसुरक्षा नियमांचा पाया आहे. आंबट पदार्थात उकळत्या पाण्याने उरलेले यीस्ट, बुरशी आणि किरकोळ जंतू तेवढे मारायचे असतात. बाटली निवताना आतली वाफ आक्रसते, झाकण आत ओढलं जातं आणि नवे जंतू आत येत नाहीत. पण झाकण कितीही घट्ट बसलं तरी आतला पदार्थ आंबट नसेल, तर आपण बोट्युलिनमला हवी तशी खोलीच बांधून दिली असं होतं.

याचा सगळ्यात बोलका दाखला लसणाचा आहे. १९८५ साली कॅनडात व्हँकुव्हरच्या एका उपाहारगृहात तेलात ठेवलेला चिरलेला लसूण वापरला जात होता. त्याची बाटली फ्रिजबाहेर राहिली होती. ३० हून अधिक लोकांना बोट्युलिझम झाला. त्यानंतर अमेरिकेत अशा बाजारी लसूण-तेलात आम्ल घालणं सक्तीचं झालं. आपल्याकडे लसणाचं लोणचं घालताना पाकळ्या लिंबाच्या रसात मुरवायची पद्धत आहे. त्या जुन्या पद्धतीत किती शहाणपण आहे, हे व्हँकुव्हरची गोष्ट वाचल्यावर मला नीट उमगलं. ‘लिंबू नको, तेलातच ठेवा, रंग छान राहतो’ असा सल्ला कुणी दिला तर तो मनावर घेऊ नये.

मिठाचंही एक काम आहे. खारातल्या पाण्यात मीठ सुमारे १० टक्क्यांच्या वर गेलं की बोट्युलिनमची वाढ थांबते. कैरीच्या लोणच्यात आम्ल आणि भरपूर मीठ असा दुहेरी पहारा असतो, म्हणून ते वर्षानुवर्षं बिनघोर टिकतं. भाज्यांच्या लोणच्यात एवढं मीठ घातलं तर ते भाजीसारखं पातेल्यातून वाढून घेता येणार नाही, आणि आपल्याला तर ते तसंच हवं असतं. रक्तदाबाच्या काळजीने हल्ली मीठ आणखी कमी होतं. म्हणजे एक पहारेकरी आपणच रजेवर पाठवतो. मग लिंबू तरी कमी करू नये.

आता मोहरीकडे येऊ, कारण या लोणच्याचा जीव तिच्यात आहे. मोहरीची डाळ थोड्या पाण्याबरोबर पाट्यावर घेऊन फेसायला लागलं की आधी काहीच होत नाही. चव थोडी कडवट, वास जवळजवळ नाही. मग वरवंटा फिरत राहतो, डाळ पांढुरकी होऊन फुगायला लागते आणि अचानक झणका नाकात जातो, डोळ्यांतून पाणी येतं. मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचं संयुग एका कप्प्यात असतं आणि मायरोसिनेज नावाचं विकर दुसऱ्या कप्प्यात. दाणा फुटून पाणी मिळालं की दोघं भेटतात आणि अलाइल आयसोथायोसायनेट हे तिखट, उडून जाणारं द्रव्य तयार होतं. मोहरीच्या रोपाने हा बंदोबस्त किडींसाठी केलेला आहे. जंतूंची आणि बुरशीची वाढही ते रोखतं, पण केवळ त्याच्या भरवशावर लोणचं ठेवण्याइतकं नाही.

इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी पाण्यात फेसायची, झणका चढू द्यायचा आणि मगच लिंबाचा रस घालायचा. आम्ल आधीच पडलं तर विकराचं काम मंदावतं आणि मोहरी मिळमिळीत राहते. झणका आल्यावर मात्र तेच आम्ल त्याला धरून ठेवतं, नुसत्या पाण्यात तो लवकर विरतो. फोडणी गार करून घालायची तीही याचसाठी. कढत तेल पडलं की विकर नासतं आणि तयार झालेला झणकाही वाफेबरोबर उडून जातो. पाट्याशी बसलेल्या बाईने रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नव्हतं, पण हा क्रम तिने कधी चुकवला नाही.

हे लोणचं परंपरेचं खरं, पण परंपरा फार जुनी नाही. फ्लॉवर भारतात आला तोच १८२२ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या सहारणपूरच्या बागेत. भाज्या मोहरी-हळदीत मुरवायची कल्पना मात्र त्याच्या आधीच समुद्र ओलांडून गेली होती. हॅना ग्लास यांच्या गाजलेल्या इंग्रजी पाकपुस्तकाच्या १७५८ च्या आवृत्तीत ‘पाको-लिला’ नावाचं हिंदुस्थानी लोणचं आहे. इंग्लंडमध्ये ते पुढे पिकॅलिली झालं आणि आजही तिथल्या दुकानांत ते फ्लॉवर, हळद, मोहरी आणि व्हिनेगर घालून पिवळंधमक मिळतं. लिंबाच्या जागी त्यांनी हाताशी होतं ते व्हिनेगर घेतलं. आम्ल बदललं, पण आम्लाची जागा रिकामी राहिली नाही.

घरी करणाऱ्यांसाठी यातून काय घ्यावं? पंधरा दिवसांत संपणारं लोणचं आईच्या रीतीनेच करावं. किलोभर भाजीला आठ-दहा रसदार लिंबं, फोडी लहान, म्हणजे आम्ल मधपर्यंत पोचेल, आणि सट फ्रिजमध्ये. वरच्या थरावर बुरशी दिसली तर तेवढी काढून खालचं खाऊ नये, सगळं टाकावं. बुरशी आम्ल खाते, त्यामुळे तिच्या खालचा आंबटपणा कमी झालेला असू शकतो. पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या इथे फसवतात, कारण हळदीचा आणि तिखटाचा रंग त्यांच्यावर चढतो. मोजायचंच असेल तर लोणचं मुरल्यावर खारासकट वाटून डिजिटल मापकाने मोजावं. नुसत्या खाराचा आकडा फोडीच्या आतलं सांगत नाही.

वर्षभराची बाटलीबंद बेगमी करायची असेल, तर मात्र आजीची कृती जशीच्या तशी बाटलीत कोंबू नये. तेल उष्णता आतपर्यंत पोचू देत नाही आणि झाकणाच्या कडेला लागलं तर झाकणही धरत नाही. जॉर्जिया विद्यापीठातलं घरगुती अन्नसंरक्षणाचं राष्ट्रीय केंद्र तपासलेल्या कृती देतं. त्यांतली भाज्यांच्या लोणच्याची एखादी कृती घ्यावी आणि भाजी, व्हिनेगर आणि पाणी यांचं प्रमाण अजिबात बदलू नये. त्या कृतींत व्हिनेगर ५ टक्के आम्लतेचं धरलेलं असतं. आपल्याकडे ४ टक्क्यांचंही मिळतं, म्हणून बाटलीवरचा आकडा वाचूनच घ्यावं. बिनतेलाची ही बाटली उघडली की एका वेळेपुरत्या फोडी काढाव्यात, हिंग-हळदीची फोडणी करून पूर्ण गार होऊ द्यावी आणि त्याच वेळी ताजी फेसलेली चमचाभर मोहरी त्यात कालवावी. बाटली उकळताना मोहरीचा झणका टिकत नाही, तो असा आयत्या वेळीच आणावा लागतो.