रस्त्यावरचे अन्न : स्वस्त, ताजे आणि निर्धोक

सकाळच्या पाळीसाठी घराबाहेर पडलेला कामगार, परीक्षेसाठी परगावाहून आलेला विद्यार्थी, रुग्णालयात आप्ताच्या उशाशी रात्र काढलेला नातेवाईक आणि बाजारात माल उतरवून मोकळा झालेला हमाल या सर्वांची एक गरज समान असते. जवळच्या जवळ, थोड्या वेळात आणि खिशाला परवडेल अशा दरात गरम अन्न मिळावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. महाराष्ट्रातील शहरांत ही गरज मोठ्या प्रमाणावर रस्त्याच्या कडेच्या हातगाड्या आणि टपऱ्या भागवीत आल्या आहेत. मुंबईचा वडापाव आणि चौपाटीवरची भेळ, नागपूरचे तर्री-पोहे, कोल्हापूर, पुणे व नाशिक येथील आपापल्या चवीची मिसळ, पावसाळ्यातील कांदाभजी आणि ठिकठिकाणी मिळणारी झुणका-भाकर ही त्या त्या शहराची ओळखच होऊन बसली आहे.

या अन्नाविषयीची समाजाची वृत्ती मात्र दुहेरी आहे. खाताना त्याचे कौतुक होते. वाट अडली की त्याच गाडीविषयी तक्रार होते. आणि कोणी आजारी पडले की दोष सरसकट ‘बाहेरच्या खाण्या’वर टाकला जातो. वस्तुतः हे अन्न स्वस्त का पडते, ते केव्हा निर्धोक असते आणि केव्हा नसते, यात काही गूढ नाही. त्यामागे ठरावीक कारणे आहेत. त्यांतील काही विक्रेत्याच्या हाती, काही ग्राहकाच्या हाती, तर सर्वांत महत्त्वाची दोन, म्हणजे जागा आणि पाणी, शहराच्या व्यवस्थेच्या हाती आहेत.

गिरण्यांच्या शहरातील परंपरा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या वाढल्या आणि कोकणातून व घाटावरून हजारो माणसे कामाला आली. त्यांतील बहुतेकांचे कुटुंब गावीच राहत असे. एका खोलीत अनेकांनी पाळीपाळीने राहावयाचे आणि खानावळवालीकडे जेवावयाचे, अशी त्यांची रीत होती. या खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांचे संघटन पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने केले. खानावळीतील जेवणाची वेळ ठरलेली असे. दोन जेवणांच्या मधली भूक भागविण्याचे काम रस्त्यावरची गाडी करी.

वडापावाचा उगम याच गरजेत आहे. १९६६ च्या सुमारास दादर रेल्वेस्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकण्यास प्रारंभ केला, असे सामान्यतः मानले जाते. ताटवाटी नको, बसावयास जागा नको आणि गाडी पकडता पकडता खाता येईल, असा हा पदार्थ होता. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर ज्यांचा रोजगार गेला, त्यांतील अनेकांनी याच व्यवसायाचा आधार घेतला. ज्या पदार्थावर कामगारांनी भूक भागविली, त्याच पदार्थाने पुढे अनेकांच्या घरची चूलही पेटती ठेवली.

स्वस्ताईचे गणित

हातगाडीवरचे अन्न स्वस्त पडते ते केवळ माल हलका वापरला जातो म्हणून, हा समज बरोबर नाही. पहिली गोष्ट म्हणजे येथे एक किंवा दोनच पदार्थ विकले जातात. वड्याच्या गाडीला बटाटा, बेसन, तेल, मिरची, लसूण आणि पाव एवढाच माल लागतो. तो रोज लागेल तेवढाच आणला जातो, त्यामुळे साठवणुकीचा खर्च व नासाडी कमी राहते. लादीपाव जवळच्या बेकरीतून येतो. त्यासाठी विक्रेत्याला भट्टी लागत नाही. दुसरी गोष्ट श्रमाची. बटाटे उकडणे, सारण करणे, चटण्या वाटणे ही कामे पुष्कळदा घरातील माणसे पहाटे उठून करतात. त्यांच्या श्रमाचे मोल वेगळे धरले जात नाही, म्हणूनच ते किमतीत दिसत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मालाचा जलद उठाव. एका वड्यामागे नफा थोडा असतो, पण गर्दीच्या वेळी कढईतून निघालेला घाणा काही मिनिटांत संपतो. हा जलद उठाव विक्रेत्याच्या नफ्याचा आधार आहेच. शिवाय तोच ग्राहकाच्या आरोग्याचाही राखणदार आहे. ज्या गाडीवर गर्दी असते तेथील अन्न बहुधा नुकतेच शिजलेले असते. विक्रेत्याला गर्दीच्या ठिकाणीच उभे राहावयाचे असते, यामागील एक कारण हेही आहे. त्याला निर्मनुष्य गल्लीत हलविले तर विक्री घटते, माल पडून राहतो आणि किंमत व शिळेपणा दोन्ही वाढतात.

धोका नेमका कोठे ?

अन्नातून होणारे रोग प्रामुख्याने सूक्ष्म जंतूंमुळे होतात. साधारणतः ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात हे जंतू झपाट्याने वाढतात. उकळत्या तर्रीत किंवा तापलेल्या तेलात ते टिकत नाहीत. त्यामुळे डोळ्यांदेखत तळलेला वडा, वाफाळती मिसळ किंवा तव्यावरून थेट हातात आलेली भाकरी यांपासून धोका कमी असतो. धोका असतो तो त्यांच्या सोबतीला येणाऱ्या न शिजवलेल्या वस्तूंपासून. हिरवी चटणी, पाणीपुरीचे पाणी, आधी चिरून ठेवलेली फळे, कच्चा कांदा-कोथिंबीर आणि सरबतातील बर्फ या त्या वस्तू होत. विषमज्वर, कॉलरा, कावीळ व अतिसार यांचा प्रसार मुख्यत्वे दूषित पाण्यातून होतो आणि वरील प्रत्येक वस्तूत पाणी कच्चेच राहते. म्हणजे गाडीवरच्या अन्नाचा प्रश्न बव्हंशी गाडीवरच्या पाण्याचा प्रश्न आहे.

बर्फाच्या बाबतीत महाराष्ट्रात २०१८ पासून एक साधा उपाय योजण्यात आला. माल थंड ठेवण्यासाठी वापरला जाणारा, खाण्यास अयोग्य असा बर्फ निळा असावा, असा दंडक अन्न व औषध प्रशासनाने घालून दिला. साहजिकच सरबताच्या पेल्यात निळसर बर्फ दिसल्यास तो नाकारणे हे ग्राहकाचे काम आहे. तळणीच्या तेलाबाबतही २०१८ मध्ये मर्यादा ठरविण्यात आली. पुनःपुन्हा तापविल्याने तेलात तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाल्यास ते तेल वापरता येत नाही. हे प्रमाण मोजण्यास उपकरण लागते. तथापि काळपट झालेले, फेसाळणारे आणि उग्र वास येणारे तेल ओळखण्यास नेहमीचे डोळे व नाक पुरेसे आहेत. वडे वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देण्याची जुनी पद्धतही घातक आहे. छपाईच्या शाईतील द्रव्ये गरम व तेलकट पदार्थात उतरतात. २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी यास मनाई केली.

ग्राहकाने काय पाहावे ?

चांगल्या गाडीची लक्षणे सोपी आहेत. पदार्थ समोर शिजत असावा आणि मागणीच्या प्रमाणात थोडा थोडा केला जात असावा. पिण्याचे व चटणीचे पाणी झाकणाच्या, तोटी असलेल्या भांड्यात असावे. पैसे घेणारा हात आणि अन्न वाढणारा हात वेगळा असावा. माणूस एकटाच असेल तर त्याने चिमटा किंवा पळी वापरावी. बश्या एकाच बादलीत बुचकळून काढल्या जात असतील, तर कागदी द्रोणात वा पानावर मागून घ्यावे. उरलेले अन्न झाकणाच्या डब्यात जात आहे की गटारात, हेही पाहावे. यांतील काही उणे आढळल्यास ते विक्रेत्याला सौजन्याने सांगावे. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा शब्द विक्रेता सहसा मोडत नाही.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा कायदा लहान विक्रेत्यालाही लागू आहे. त्याखालील नियम ऑगस्ट २०११ मध्ये अंमलात आले तेव्हा लहान अन्नव्यावसायिकांसाठी परवान्याऐवजी साध्या नोंदणीची सोय ठेवण्यात आली आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठरविण्यात आले. गाडीचा कामाचा पृष्ठभाग स्वच्छ, पाणी न शोषणारा आणि जमिनीपासून ६० ते ७० सेंटीमीटर उंच असावा, पाणी पिण्यायोग्य असावे, कचऱ्यासाठी झाकण असलेले भांडे असावे, अशा अपेक्षा या नियमांत नमूद आहेत. परंतु ज्या पदपथावर नळ नाही, तेथे विक्रेत्याने पिण्यायोग्य पाणी कोठून आणावे, हा प्रश्न केवळ नियमाने सुटत नाही.

कायद्याने दिलेले स्थान

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदान सिंग यांच्या प्रकरणात, पदपथावर व्यवसाय करणे हा वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असे स्पष्ट केले. पुढे संसदेने पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ संमत केला. प्रत्येक शहरात पथविक्रेत्यांचे किमान पाच वर्षांतून एकदा सर्वेक्षण व्हावे, पात्र विक्रेत्यास प्रमाणपत्र मिळावे आणि सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कोणासही हटवू नये, असे या कायद्यात म्हटले आहे. स्थलांतर करावयाचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस आवश्यक आहे. जप्त केलेला नाशवंत माल विक्रेत्याने मागणी केल्यावर त्याच दिवशी परत करावयाचा असतो. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशीही तरतूद आहे.

शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के इतके विक्रेते सामावून घ्यावेत, असे प्रमाण कायद्याने सांगितले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. त्या हिशेबाने ही संख्या तीन लाखांच्या घरात जाते. प्रत्यक्षात २०१४ मधील सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार विक्रेत्यांची नोंद झाली व त्यांतील सुमारे ३२ हजार पात्र ठरले. समितीच्या निवडणुकीसाठी मतदान होण्यास ऑगस्ट २०२४ उजाडले. कायदा आणि पदपथ यांमधील हे अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही.

पादचाऱ्यांची बाजूही तितकीच खरी आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वेस्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीचा व्यवसाय करण्यास मनाई असल्याचा निर्णय दिला. स्थानकाचे तोंड मोकळे असणे हा जीविताचा प्रश्न आहे. तथापि स्थानकाबाहेर पडणाऱ्या माणसाची भूक १५० मीटरवर संपत नाही. त्या मर्यादेपलीकडे विक्रेत्यास निश्चित जागा आखून दिली नाही, तर तो पुन्हा पुन्हा आत येत राहतो आणि पुन्हा पुन्हा उचलला जातो. उद्या येथे उभे राहता येईल की नाही, याची खात्री नसलेला माणूस गाडीला चांगला पत्रा, पाण्याची टाकी किंवा झाकणाची कपाटे करून घेण्यास पैसा घालीत नाही. जागेची अनिश्चिती अशी थेट ग्राहकाच्या ताटापर्यंत पोहोचते.

सिंगापूरचा अनुभव

जागा आणि पाणी यांची जबाबदारी शहराने उचलल्यास काय घडते, याचे उदाहरण सिंगापूरने घालून दिले आहे. तेथेही रस्त्यावरचे खाद्यविक्रेते हजारोंनी होते आणि दूषित पाणी व कचरा यांमुळे रोगराईची भीती होती. १९६८-६९ मध्ये शासनाने विक्रेत्यांची देशव्यापी नोंदणी केली. १९७१ पासून नळ, वीज, सांडपाण्याची व्यवस्था आणि समाईक बैठक असलेली केंद्रे बांधण्यास आरंभ झाला व १९८६ पर्यंत रस्त्यावरील विक्रेत्यांचे तेथे स्थलांतर पूर्ण झाले. ही केंद्रे मुख्यतः वस्त्यांच्या व बाजारांच्या लगत असल्याने गिऱ्हाईक तुटले नाही. चिनी, मलय व भारतीय पदार्थ तेथे एकाच छपराखाली मिळतात. अशी शंभराहून अधिक केंद्रे तेथे असून डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यपरंपरेचा मानवतेच्या अमूर्त वारशात समावेश केला. अर्थात तेथेही विक्रेत्यांचे वाढते वय आणि तरुणांची अनिच्छा हे प्रश्न उभे आहेत. महाराष्ट्रातील शहरांची दाटी व विस्तार पाहता ही योजना जशीच्या तशी उचलणे शक्य नाही. मात्र आधी नोंदणी, मग नळाची सोय आणि मगच स्थलांतर, हा क्रम घेण्यासारखा आहे.

शासनाचे प्रयत्न

स्वल्प दरात जेवण देण्याचे प्रयोग महाराष्ट्र शासनानेही केले. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू झाली; पण अनुदान थांबल्यावर अनेक केंद्रांवर अन्य पदार्थ विकले जाऊ लागले. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन योजनेत दोन चपात्या, भाजी, वरण व भात अशी थाळी १० रुपयांत देण्यात आली. टाळेबंदीच्या काळात तिचा दर ५ रुपये करण्यात आला होता. अशा थाळीचा खरा खर्च अनुदानातून भरून काढावा लागतो. पथविक्रेत्याला मात्र अनुदानापेक्षा भांडवल व स्थैर्य यांची गरज असते. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत विनातारण १० हजार रुपयांचे पहिले कर्ज देण्यात येऊ लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये ही योजना मार्च २०३० पर्यंत वाढविण्यात येऊन पहिल्या कर्जाची मर्यादा १५ हजार रुपये करण्यात आली. सावकाराच्या रोजच्या व्याजातून सुटण्यास याचा उपयोग होतो.

रस्त्यावरचे चांगले अन्न ही शहराची मोठी सोय आहे. ती टिकविण्यासाठी फार खर्चिक योजना लागत नाहीत. गर्दीच्या जागी पण वाटेत न येणारी आखलेली जागा, तिच्याजवळ एक नळ, सांडपाण्याची मोरी, कचऱ्याची नियमित उचल आणि विक्रेत्याच्या हाती वैध प्रमाणपत्र एवढे झाले, तर अन्न निरीक्षकाला नियम लागू करता येतील आणि विक्रेत्याला ते पाळता येतील. नगर परिषदा व महानगरपालिकांनी पथविक्रेता समित्यांचे काम वेळेवर पूर्ण करावे, विक्रेत्यांनी नोंदणी करून घ्यावी आणि ग्राहकांनी स्वच्छ गाडीलाच पसंती द्यावी. दिवसभर राबून घरी परतणाऱ्या माणसाला वाटेत मिळणारा गरम घास निर्धोक राहण्यासाठी या तिघांचेही सहकार्य आवश्यक आहे.