जसा प्रश्न, तसा विचार

नेतृत्वापुढे येणारे प्रश्न एका जातीचे नसतात. काहींचे उत्तर नियमपुस्तकात तयार असते, काही तज्ज्ञांना एकत्र बसवून सुटतात, काहींचे उत्तर आधी कोणालाच ठाऊक नसते, आणि आणीबाणीत तर आधी कृती व मग विचार असाच क्रम ठेवावा लागतो. डेव्ह स्नोडेन या व्यवस्थापनतज्ज्ञाने मांडलेली ‘किनेव्हिन’ ही चौकट याच विभागणीवर उभी आहे. हार्वर्डमधील रोनाल्ड हाइफेट्झ यांनी दोनच गट केले: ज्ञानाने सुटणारे तांत्रिक प्रश्न, आणि माणसांच्या सवयी, श्रद्धा व हितसंबंध हलवल्याशिवाय न सुटणारे प्रश्न. दुसऱ्या गटातला प्रश्न पहिल्यातला समजून हाताळणे ही त्यांच्या मते नेतृत्वाची सर्वांत नेहमीची चूक. कोकण रेल्वेच्या इतिहासात हे सारे प्रकार एकाच मार्गावर पाहायला मिळतात.

१९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग, सुमारे दोन हजार पूल आणि नव्वदहून अधिक बोगदे असे ते काम होते. केंद्र आणि चार राज्यांचे भागभांडवल होते, पण बराचसा पैसा रोख्यांतून उभा करायचा होता. कर्जावर व्याज चढत असल्याने उशिराची किंमत पैशांत मोजावी लागणार होती. श्रीधरन यांनी मार्गाचे सात विभाग पाडले, प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला आणि निर्णयाचे अधिकार कामाच्या जागेजवळ नेले. शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यातली जमीन, ओढे आणि गावे रोज पाहणाऱ्यालाच तिथला निर्णय लवकर घेता येतो.

तांत्रिक प्रश्नांचेही दोन प्रकार निघाले. सह्याद्रीच्या काळ्या कातळात स्वीडनहून आणलेली ड्रिलिंग यंत्रे झपाट्याने चालली. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा अशाच कातळातला. रत्नागिरीजवळ पनवल नदीवरच्या ६४ मीटर उंच पुलासाठी तुळई दरीच्या काठावर तुकड्यातुकड्याने ओतून जॅकने पुढे ढकलली गेली. हे तज्ज्ञतेचे विजय होते. गोव्यात पेडण्याला मात्र कातळाऐवजी पाण्याने भिजलेली मऊ माती लागली. खणावे तसे वरून ढासळे. तिथे यंत्राचा वेग निरुपयोगी ठरला. थोडे खणायचे, लगेच आधार द्यायचा, माती काय करते ते पाहायचे आणि मगच पुढे सरकायचे. दीड किलोमीटरच्या त्या बोगद्याने वर्षे खाल्ली आणि मजुरांचे प्राणही घेतले. आखलेले वेळापत्रक मातीला लागू होत नाही, हे तिथे मान्य करावे लागले.

सर्वांत अवघड प्रश्न गोव्याचाच, आणि तो माणसांचा होता. किनारी पट्ट्यातून जाणाऱ्या रेल्वेच्या भरावामुळे खाजन शेतीचे (खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेतीचे) पाणी अडेल, पूर येतील, जुन्या वस्त्यांचे रूप बिघडेल, अशी स्थानिकांना भीती होती. मार्ग पूर्वेकडे न्यावा अशी मागणी होती. १९९२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या मार्गाविरुद्धची याचिका फेटाळली. कायद्याचा प्रश्न संपला, लोकांचा संपला नाही. आंदोलन चालूच राहिले आणि १९९३ मध्ये मार्गाच्या फेरविचारासाठी न्यायमूर्ती ओझा आयोग नेमावा लागला. आयोगाने मूळ मार्गाच्या बाजूने कौल दिला, पण दरम्यान मोलाचे महिने गेले. नकाशा अचूक आहे एवढे सांगून खाजनाच्या बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याची भीती जात नाही. ती ऐकून घेण्याचे काम आराखडा पक्का होण्याआधीच व्हायला हवे.

२६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला, तेव्हा श्रीधरन दिल्ली मेट्रोकडे गेले होते. बांधणाऱ्यांची जागा आता चालवणाऱ्यांनी घेतली होती आणि प्रश्नही बदलला होता. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच जूनमध्ये मत्स्यगंधा एक्सप्रेसला महाडच्या बाजूला तसाच अपघात झाला. अशा रात्री नेतृत्वाचे पहिले काम मदतगाडी पोहोचवणे, कारणमीमांसा नंतर. ती झाली तेव्हा वेगाचा हट्ट सोडावा लागला. डोंगर कापून केलेल्या धोक्याच्या कटिंगांचे उतार कमी केले, दगड अडवणाऱ्या जाळ्या बसवल्या, पर्जन्यमापक लावले. पावसाळ्यासाठी वेगळे, संथ वेळापत्रक आले. मुसळधार पावसात कंदील आणि संपर्कयंत्र घेऊन कटिंगखालून चालत जाणारा गस्तवाला हा या व्यवस्थेचा कणा आहे, आणि गाडी थांबवण्याचा त्याचा इशारा सर्वांत वरचा मानला जातो.

कर्जाचा बोजा हा आणखी वेगळा प्रश्न होता. मालवाहतूक अपेक्षेइतकी मिळेना, कारण माल महामार्गाने ट्रकमधून जात होता. ट्रकशी स्पर्धा करण्याऐवजी महामंडळाने ट्रकलाच गिऱ्हाईक केले. १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा ‘रो-रो’ सेवा सुरू झाली: भरलेला ट्रक चालक-क्लिनरसह सपाट वाघिणीवर चढतो आणि घाटवळणे टाळून गोव्यात उतरतो. ट्रकमालकाचे डिझेल व टायर वाचतात आणि महामंडळाला भाडे मिळते.